आधी तिचे ताट

पुण्याहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद मागे टाकले आणि जहीराबाद अजून यावयाचे आहे, अशा मधल्या टप्प्यात आमचे मन्नाएखेळ्ळी लागते. बिदरकडे जाणारा फाटा येथेच फुटतो. मालमोटारींचे चालक येथे चहा पितात, टायरांत हवा भरून घेतात आणि निघून जातात. गावाचे नाव त्यांच्या लक्षात राहत असेल असे वाटत नाही. आमच्या कुटुंबाच्या मात्र कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या. घरात मराठी, बाजारात कानडी आणि आजोबांच्या काळच्या कागदपत्रांत उर्दू, अशा तीन भाषांच्या सावलीत आम्ही वाढलो. निजामाचे राज्य 1948 साली गेले, 1956 साली बिदर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. पण आमच्या स्वयंपाकघरातील राज्य काही बदलले नाही. त्या राज्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या स्वयंपाकघराचा कायदा असा होता : प्रथम पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग सासूबाई आणि वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांत शेवटी सून. सुनेच्या वाट्याला जे उरेल ते. भाकरी बहुधा उरे, कारण ज्वारीला आमच्याकडे तोटा नव्हता. पण वरणाच्या पातेल्यात तोवर पाणीच राहिलेले असे, आणि पालेभाजी तर तळाला चिकटलेली. तुरीचे कोठार म्हणून ज्याची ख्याती, त्या गुलबर्ग्याच्या शेजारी राहून आमच्या सुनांना घट्ट वरण कधी मिळाले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. त्या वेळी वाटत नव्हती. त्यात कोणाची दुष्टाई होती असेही नव्हे. आमच्या आईनेही सून म्हणून तसेच जेवण केले होते.

सून गर्भार राहिली म्हणजे हा कायदा सैल व्हावा, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात तो अधिकच आवळला जाई. 'पोटात मूल मोठे झाले तर अडते' असे जुन्या बायका म्हणत. म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटभर जेवू द्यावयाचे नाही. पपई उष्ण, वांगे वातूळ, अमुक भाजीने मुलाच्या अंगावर पुरळ येते, तमुक फळाने सर्दी होते, अशी वर्ज्यांची यादी लांबत जाई. सातव्या महिन्यात डोहाळजेवण मात्र थाटाचे. आमच्या कानडी शेजाऱ्यांकडे त्याच सुमारास कुबसाचा सोहळा होई. हिरवी साडी, हिरवा चुडा, पाच पक्वान्ने, ओटीत खण-नारळ. त्या एका दिवशी तिला पाटावर बसवून वाढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिने उरलेसुरले खावयाचे. या दोन गोष्टींत विसंगती आहे, हे आमच्या घरात कोणाला सुचले नाही.

आमच्या थोरल्या वहिनी 1968 साली गेल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. त्यांचा चेहरा शेवटच्या महिन्यांत पिवळसर पांढरा पडला होता, जिना चढताना त्या मध्येच बसत, आणि माती खाण्याची इच्छा होते म्हणून चोरून चुलीची माती चाटत. घरातल्या बायका त्यावर हसत. त्या गेल्यावर सुईण म्हणाली, 'अंगात रक्तच नव्हते.' आई म्हणाली, 'तिचे भोग.' रक्त का नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. पुढे पुष्कळ वर्षे तो विचारला गेला नाही.

वास्तविक त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच देशात, मुंबईत, वहिनींच्या जन्माच्याही आधी मिळालेले होते. लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईस आली आणि हाफकिन संस्थेत राहून गर्भवती स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. कापडगिरण्यांतील गरीब कामकरी बायकांत हा रोग फार होता. त्यांच्या जेवणात काय असते आणि काय नसते, हे तिने पाहिले. आणि यीस्टपासून केलेला, मार्माइट नावाचा एक स्वस्त अर्क दिला असता त्यांचे रक्त भरून येते, असे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे ते तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले आणि पानावरूनच त्याला फोलिक आम्ल हे नाव पडले. ज्या पालेभाजीचा तळ आमच्या वहिनींच्या वाट्याला येत होता, त्या पालेभाजीतलेच ते द्रव्य.

सरकारनेही हातावर हात ठेवले होते असे नाही. गर्भवतींना लोहाच्या आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. पाठोपाठ 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द आपल्या भाषांत रुळला. कर्नाटकातील तिचा पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि मेळघाटातील धारणी ही पहिल्यांपैकीच. योजना हळूहळू आमच्या बाजूसही आली. पण खेड्यातील घराच्या उंबऱ्यावर या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी येत. गोळ्या आणणारी नर्सबाई एका खात्याची, पीठ वाटणारी बाई दुसऱ्या खात्याची. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून बायका घाबरत आणि गोळ्या गोठ्यात फेकून देत. पीठ घरी आले की त्याच्या भाकरीत सारे घर वाटेकरी होई. गर्भार बाईच्या पोटात नेमके काय गेले, हे पाहणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

हे तुकडे एकत्र शिवावयाचे कसे, ते जामखेडला पाहावयास मिळते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली नगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात गेले. आरोग्यसेवा घेऊन आलेल्या या डॉक्टरांना गावकऱ्यांनी सांगितले की आम्हांला आधी पाणी हवे, अन्न हवे. त्यांनी ते ऐकून घेतले. विहिरी, शेती, मुलांचे व मातांचे जेवण आणि औषध ही एकाच कामाची अंगे मानली. आणि गावानेच निवडलेल्या बायकांना, ज्यांतील कित्येक निरक्षर होत्या व समाजाने दूर ठेवलेल्या जातींतील होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायका गर्भवतींच्या घरी जात, चुलीपाशी बसत आणि सासूशी बोलत. औषधाचे काम सासूपासून सुरू होते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाआधी ठाऊक होते. या दांपत्यास 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा ती बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती. वाचून कौतुक केले आणि ताट सरकवून पुन्हा पहिल्या पंगतीस बसलो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

कर्नाटक सरकारने 2 ऑक्टोबर 2017 पासून 'मातृपूर्ण' ही योजना राज्यभर सुरू केली. गर्भवती व स्तनदा मातांनी रोज दुपारी अंगणवाडीत यावे आणि तेथे बसून गरम जेवण घ्यावे. ताटात भात, पालेभाजी घातलेले वरण किंवा सांबार, उकडलेले अंडे, 200 मिलिलिटर दूध, शेंगदाणे-गुळाची चिक्की. अंडे न खाणाऱ्यांस मोड आलेली कडधान्ये. महिन्यातून 25 दिवस. जेवणानंतर लोहाची गोळी तेथेच. वजन व तपासणीचा हिशेबही त्याच्याशी जोडलेला. पीठ घरी पाठवल्यास ते घरात विरघळून जाते, हे ओळखूनच ही रीत आखलेली होती.

2018 साली आमची सून प्रथम गर्भवती झाली. ती उदगीरकडची, महाराष्ट्राची सीमा ओलांडून आमच्या घरी आलेली. गावातल्या आशाताई घरी आल्या. त्यांची आई पूर्वी आमच्या शेतावर खुरपणीस येत असे. त्या ओसरीच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, 'काका, ताईंना उद्यापासून दुपारी अंगणवाडीत पाठवा. मी येते न्यायला.'

आम्ही हसलो. 'आमच्या घरात दाणे नाहीत का गं? सरकारी जेवण गरिबांसाठी असते. एखाद्या गरजू बाईला दे.'

'हे सगळ्यांसाठी आहे काका. गरीब-श्रीमंत असं काही नाही.'

'बघू,' असे म्हणून आम्ही तिला वाटेस लावले. आतून आमच्या सौभाग्यवतींनी जोड दिली : तेथे कोणाकोणाच्या मांडीला मांडी लावून बसावे लागेल, आणि अंड्याचा वास आला तरी घराण्याला काय म्हणतील? सूनबाई दारामागे उभी राहून ऐकत होती. तिचे मत आम्ही विचारले नाही. आशाताई त्यानंतर तीनदा आल्या. तिसऱ्यांदा त्या ओसरीवर बसल्या, हेही आम्हांला थोडे खटकले होते. खोटे कशाला सांगावे?

सातव्या महिन्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. गर्भवतीच्या रक्तात ते निदान अकरा असावे. तेथील डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहून विचारले, 'घरी जेवायला मिळते ना हिला?' ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या गरिबीची कीव करणाऱ्या आम्हांला तो प्रश्न चपराकीसारखा लागला. गोळ्या ती घेत होती. पण रोज सकाळच्या चहाबरोबर, आणि चहाने लोह अंगी लागत नाही, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. जेवण ती शेवटीच करीत होती. आम्ही कायदा बदलला आहे असे आम्हांला वाटत होते, कारण आता टेबल-खुर्ची आली होती आणि पंगत मोडली होती. पण वाढणारी तीच होती, आणि वाढणारीचे ताट शेवटीच पडते.

वहिनींचा पिवळसर पांढरा चेहरा त्या दिवशी, पन्नास वर्षांनी, आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तिला शिरेतून लोह द्यावे लागले. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही स्वतः तिला अंगणवाडीपर्यंत पोहोचवू लागलो. पहिल्या दिवशी दारातूनच परतलो. नंतर एकदा आत डोकावलो. सात-आठ बायका सतरंजीवर बसून जेवत होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या. आमची सून त्यांत होती. घरात तिला इतक्या मोठ्याने हसताना आम्ही ऐकले नव्हते. मुलगी झाली, वजन 2 किलो 200 ग्रॅम. अडीच किलोच्या आतील मूल कमी वजनाचे मानतात. नात सुखरूप आहे, शाळेत जाते. पण पहिले वर्ष तिने आम्हांला फार जागविले.

दुसऱ्या खेपेस 2020 साल उजाडले आणि महामारीने अंगणवाडीचे दार बंद झाले. जेवणाचा शिधा घरी येऊ लागला : तांदूळ, डाळ, शेंगदाणे, गूळ, दुधाची भुकटी. म्हणजे पुन्हा तीच जुनी अडचण. शिधा डब्यांत मिसळला की संपले. त्या वेळी आमच्या घरात एक ठराव झाला, आणि तो आमच्या सौभाग्यवतींनीच मांडला : तिचा शिधा वेगळ्या डब्यात राहील, दुपारी आधी तिचे ताट वाढले जाईल, आणि ती जेवून उठल्याखेरीज घरात कोणी पाटावर बसणार नाही. पहिले चार दिवस सूनबाईला घास गिळवेना. सासरे उपाशी असताना आपण जेवावे कसे, म्हणून तिचे डोळे भरून येत. पाचव्या दिवसापासून सवय झाली. जे काम सरकारी ताटाने केले असते, ते घराला स्वतः करावे लागले. 2021 च्या जानेवारीत नातू झाला. 2 किलो 800 ग्रॅम. एका घरातील दोन बाळंतपणांवरून सिद्धांत काढू नये, हे आम्ही जाणतो. दुसरे मूल बहुधा पहिल्याहून थोडे वजनदारच असते. पण तिचे हिमोग्लोबिन या खेपेस साडेदहाच्या खाली गेले नाही, हे खरे, आणि ते आपोआप झाले नाही.

सिद्धांतच हवा असेल तर तो पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तेथील गर्भवतींचा अभ्यास केला. सुमारे आठशे बायकांच्या जेवणाची नोंद करून, बाळे जन्मल्यावर त्यांची वजने पाहिली. सरासरी वजन पावणेतीन किलोहूनही कमी भरले. आणि मोठ्या बाळांच्या आया कोण, असे पाहिले तेव्हा ज्यांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्या निघाल्या. नुसत्या भाकरी-भाताने पोट भरते. बाळ भरत नाही.

यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्याच मुलुखातील पुंडीची भाजी, जिला आपण अंबाडी म्हणतो, मेथी, शेवग्याचा पाला, घट्ट तुरीचे वरण, शेंगांची आणि कारळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, ताक-दूध. भाजीवर लिंबू पिळले की लोह अधिक लागू पडते. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस; चहा-कॉफीपासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर ठेवून. शौचास काळे होणे हे गोळीचे लक्षण आहे, दुखण्याचे नव्हे. आणि मूल मोठे होईल या भीतीने उपाशी राहू नये. अडते ते बहुतेक मूल फार मोठे झाल्यामुळे नव्हे. उलट, अशक्त आईला नेहमीचा रक्तस्रावदेखील झेपत नाही. वहिनींचे तेच झाले असावे.

आमच्या सीमाभागाची म्हणून एक निराळी अडचण आहे, ती आपणां वाचकांपैकी पुष्कळांस ओळखीची वाटेल. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी नांदते कर्नाटकात, माहेर उदगीर-उमरग्याकडे. सातव्या महिन्यात ती सीमा ओलांडते आणि इकडची तिची नोंद तुटते. इकडचे तायी कार्ड कानडीत, तिकडच्या नर्सबाईला कानडी येत नाही. आपण घरोघरी दुभाषे आहोत. तेवढे तरी काम आपले. आमच्या सुनेच्या कार्डावरील प्रत्येक नोंदीखाली आम्ही दुसऱ्या खेपेस शिसपेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून दिला होता. आता आशाताईच कधीमधी दुसऱ्यांची कार्डे आमच्याकडे पाठवतात. त्या ओसरीवर बसतात, चहा घेतात; आणि चहाच्या वेळी गोळी कोणी घेत नाही ना, याची चौकशी करूनच उठतात.

सारे झाले असेही नाही. दुपारी शेतात असलेल्या बाईला अंगणवाडी लांब पडते. ऊसतोडीस गेलेल्या जोडप्याची नोंद गावात राहते आणि गर्भ फडात वाढतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील गर्भवतींपैकी 52.2 टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या; त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण 50.4 होते. गोळी, जेवण, तपासणी आणि घरी येणारी बाई, हे चारही एकत्र आणूनही आकडा खाली येत नाही, याचे एक कारण आम्हांला आमच्या स्वयंपाकघरात सापडले. पाचवा भागीदार घर असते, आणि त्याची नोंद कोणत्याच योजनेत नाही.

वहिनींचा फोटो आमच्या माजघरात आहे. हिरव्या साडीतला, डोहाळजेवणाच्या दिवशीचा. त्यांचा तेवढाच फोटो आहे. परवा नातीने विचारले, 'आजोबा, या कोण?' आम्ही नाव सांगितले. 'यांनी एवढे सगळे खाल्ले?' तिने पुढ्यातल्या पक्वान्नांकडे बोट दाखवून विचारले.

'त्या दिवशी खाल्ले,' आम्ही म्हणालो.

आपल्या घरी कोणी गर्भवती असेल, तर आज दुपारी एवढे पाहावे की तिचे ताट कितवे वाढले जाते. बाकीचे सारे त्यानंतर.